गुरुवारचा फोटो

तो फोटो मी गुरुवारी काढला आणि शनिवारी ग्रुपवर टाकला. माझी चूक या एका ओळीत मावते. पण ज्यांनी भोसरी-चाकणच्या पट्ट्यात कधी काम केलेलं नाही, त्यांना ती कळायची नाही, म्हणून सविस्तर सांगतो.

आमच्या शेडना सुट्टी असते ती गुरुवारी. शहर रविवारी झोपतं, आम्ही रविवारी भट्टी पेटवतो. विजेच्या पाळ्यांच्या काळात कधीतरी ठरलेला हा वार, पण अजून तोच चालतो. गुरुवारी आमच्याकडच्या कुठल्याही गल्लीत गेलात तर शटर खाली, चहाची टपरी बंद आणि रस्त्याच्या मधोमध कुत्री पसरलेली. त्या दिवशी बंद शटरला काहीच अर्थ नसतो. शनिवारी मात्र तेच शटर बंद दिसलं की त्याचा एकच अर्थ होतो : मालक पळाला.

मी काढलेल्या फोटोत तीन शटर होती, तिन्ही बंद. डावी-उजवीकडची दोन मी कापून टाकली आणि मधलं ठेवलं. मग शनिवारी दुपारी आमच्या लघुउद्योजकांच्या ग्रुपवर तो फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "पार्टी गायब आहे. माझे पैसे बुडवून शटर टाकून गेला. कोणीही उधार माल देऊ नका." त्याच्यावर त्याच्या शेडचं नाव. सगळं मराठीत आणि नीट शुद्धलेखनात, कारण घाईत लिहिलेलं नव्हतं.

ज्याचं शटर होतं तो माझा मित्र. वीस-एक वर्षांपूर्वी आम्ही दोघं एका कंपनीत कंत्राटी ऑपरेटर म्हणून एकाच लाइनवर उभे राहिलो. मी साताऱ्याकडचा, तो लातूरकडचा. भोसरीत एका खोलीत सात जण राहायचो आणि कॉट चारच होत्या. शिफ्ट बदलली की कॉटवरचा माणूस बदलायचा. मी दिवसपाळीला असलो की तो माझ्या कॉटवर झोपायचा आणि उशीला खोबरेल तेलाचा वास लावून जायचा, यावरून आमची रोज भांडणं व्हायची. पुढे मी भोसरीत पावडर कोटिंगची शेड टाकली, म्हणजे लोखंडी पार्ट धुऊन, त्यावर रंगाची पूड मारून, भट्टीत भाजून देणं. त्यानं चाकणच्या अलीकडे कुरुळी फाट्याजवळ पॉवर प्रेस टाकले. तो पत्र्याचे ब्रॅकेट दाबायचा, मी ते रंगवायचो, आणि ते चाकणच्या एका कंपनीत जायचे.

खंडेनवमीला सगळेच आपापल्या मशीनची पूजा करतात. आमच्यात त्यात एक भर होती. माझ्या भट्टीपुढचा नारळ तो फोडायचा आणि त्याच्या प्रेसपुढचा मी. का, ते कोणी ठरवलं नव्हतं. पहिल्या वर्षी माझ्या हाताला भाजलं होतं म्हणून त्यानं फोडला, मग तेच चालू राहिलं. सकाळी तो चाकणहून माझ्याकडे यायचा, मग मी त्याच्या मागोमाग त्याच्याकडे जायचो, आणि दोन्हीकडचा चिवडा खाऊन दुपारी कोणालाच जेवण जायचं नाही.

मग त्या कंपनीनं त्याचं पेमेंट अडकवलं. मॉडेल बदललं, जुन्या ब्रॅकेटचा साठा पडून राहिला, आज देतो उद्या देतो सुरू झालं. त्याच्याकडे पैसे आले नाहीत म्हणून माझ्याकडे आले नाहीत. माझे साडेचार लाख त्याच्याकडे अडकले होते. तो फोन उचलायचा, हे मला मुद्दाम लिहायला हवं. तो प्रत्येक वेळी उचलायचा आणि म्हणायचा, "दिवाळीपर्यंत थांब, लेका. मी कुठं पळून चाललोय?"

माझा धीर सुटला तो त्याच्यामुळे नाही. मला रंगाची पूड देणारा व्यापारी एका बुधवारी माझ्या शेडमध्ये आला आणि माझ्या कामगारांसमोर, शिवाय माल घ्यायला आलेल्या एका गिऱ्हाइकासमोर म्हणाला, "राव, एवढी मोठी भट्टी लावलीत, आमचे पैसे द्यायची ऐपत नाही का?" मी हसून वेळ मारून नेली. पण ते वाक्य रात्रभर पोटात राहिलं आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. बायकोला स्कूटरवर मागे बसवून मी दिघीच्या आमच्या घरून मोशीमार्गे चाकणकडे निघालो. तिच्या बहिणीकडे जायचं होतं. वाटेत त्याची शेड लागते. मी स्कूटर थांबवली, फोन काढला आणि फोटो घेतला.

"कशाला?" तिनं विचारलं. ती मागे बसून भाजलेले शेंगदाणे खात होती.

"असंच."

असंच नव्हतं. तो फोटो कशाला लागणार आहे, हे मला काढतानाच माहीत होतं. फक्त शुक्रवारी हिंमत झाली नाही, ती शनिवारी झाली.

ग्रुपवर पाच मिनिटांत अंगठे आले. कोणी लिहिलं, "बरं झालं सांगितलंत भाऊ." कोणी लिहिलं, "असल्या लोकांमुळे सगळा पट्टा बदनाम होतो." ज्यानं असल्या लोकांबद्दल लिहिलं, त्याच्याकडेही माझे पैसे होते. मग मित्राचा मेसेज आला : "मी शेडवरच आहे. प्रेस चालू आहे. या चहा प्यायला." एवढाच. त्याला कोणी उत्तर दिलं नाही. मी दिलं. "चहा नको, पैसे दे," असं लिहिलं, आणि त्यावर हसणाऱ्या तोंडांची रांग लागली. तो ग्रुपमधून बाहेर पडला.

सोमवारी त्याचा पत्रा बंद झाला. त्याला उधारीवर पत्रा देणारा व्यापारी त्याच ग्रुपात होता. पत्र्याशिवाय प्रेस म्हणजे नुसता लोखंडाचा ठोकळा. कंपनीला माल वेळेवर गेला नाही, कंपनीनं दुसरा माणूस धरला, आणि जुनं अडकलेलं पेमेंट तर आता तिनं दंडाच्या नावाखाली कायमचंच अडकवलं. दोन-तीन महिन्यांत त्यानं पाचातले चार प्रेस विकले. हे मला इतरांकडून कळत होतं. एकदा मी तो मेसेज पुसायला गेलो. पण इतके दिवस झाल्यावर तो सगळ्यांकडून पुसता येत नाही. तो फक्त माझ्या फोनमधून गेला. म्हणजे ग्रुपमधल्या सगळ्यांकडे तो होता, एकट्या माझ्याकडे नव्हता.

त्यानंतर आम्ही बोललो नाही. माझ्या भट्टीचा नारळ मीच फोडायला लागलो.

कोर्टाचा विषय बायकोनं काढला. आमच्या शेडचे हिशेब तीच बघते. गेल्या वर्षी गणपती उठल्यावर ती म्हणाली, "तीन वर्षं व्हायला आली. एकदा तीन वर्षं उलटली की दावा करता येत नाही म्हणे. एकतर करून टाका, नाहीतर ते पैसे गेले असं मनाशी लिहून टाका. मला दर मार्चमध्ये ती रक्कम बघवत नाही."

म्हणून एका गुरुवारी आम्ही पिंपरीच्या कोर्टाजवळ एका वकीलबाईंच्या ऑफिसात गेलो. तिशीतल्या, चटपटीत बाई. त्यांनी माझी बिलं पाहिली, मालाच्या पोचपावत्यांवरच्या सह्या पाहिल्या आणि म्हणाल्या, "सर, तुमची केस पक्की आहे. माल दिला, त्यांनी घेतला, तक्रार केली नाही, पैसे दिले नाहीत. जिंकायला काही अडचण नाही. वसूल व्हायला लागेल तो वेळ लागेल." मग त्यांनी विचारलं, "ते पैसे द्यायला टाळाटाळ करत होते याचा काही पुरावा?"

"फोटो आहे," मी म्हणालो. "कारखाना बंद करून गेला होता."

"कधीचा?"

"शनिवारचा."

बायको शेजारी बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. समोरच्या भिंतीवरच्या पंख्याकडे पाहत राहिली.

आठवड्यानं दाव्याचा मसुदा आला. वकीलबाईंनी बजावलं होतं की शेवटी शपथेवर सही आहे, तेव्हा प्रत्येक ओळ वाचा. घरी जेवणानंतर मी तो टेबलावर ठेवला आणि बायकोनं तिच्या हिशेबाच्या सवयीनं, बोट ठेवून, वाचायला घेतला. सगळं बरोबर होतं. बिलं बरोबर, रक्कम बरोबर. एका परिच्छेदापाशी तिचं बोट थांबलं आणि तिनं मोठ्यानं वाचलं, "वादी शनिवारी स्वतः तेथे गेला असता प्रतिवादीने देणे चुकविण्याच्या हेतूने कारखाना बंद करून पोबारा केल्याचे आढळले."

"बरं मग?" मी म्हणालो.

"गुरुवार होता तो. मी होते ना मागं बसलेली."

"कोर्टात कोण विचारायला बसलंय?"

"मी कुठं म्हणते विचारतील? मी कोणाला सांगणारही नाही. पण अहो, सही तुम्ही करणार आहात." मग कागद माझ्याकडे सरकवून ती ताटं उचलायला लागली. स्वयंपाकघरातून पुन्हा म्हणाली, "ग्रुपवर टाकलंत तेव्हाही मी काही बोलले नव्हते. तेव्हा बोलायला हवं होतं. माझंही चुकलंच."

तिच्या त्या एका वाक्यानं जे केलं ते तीन वर्षांत माझ्या मनानं केलं नव्हतं. मी तोवर स्वतःला काय सांगत होतो? की रागाच्या भरात घडलं. की पैसे तर खरेच अडकले होते. की त्याचा धंदा नाहीतरी बुडणारच होता. या सगळ्यात थोडं थोडं खरं होतं आणि तेवढ्या खऱ्यावर मी आरामात झोपत होतो. पण आता माझ्यापुढे एक ओळ होती, ती पूर्ण खोटी होती, आणि तिच्याखाली माझी सही हवी होती. ग्रुपवरचा मेसेज मी लिहिला होता, पण त्याखाली शपथ नव्हती. इथे होती. मी पेनला टोपण लावलं.

दुसऱ्या दिवशी भट्टी पेटवून दिली आणि वकीलबाईंना फोन केला. फोटो कापलेलाही आहे आणि गुरुवारचाही, हे सांगितलं. रागावतील असं वाटलं होतं, पण त्या हिशेबी आवाजात म्हणाल्या, "बरं झालं आत्ता सांगितलंत. ती ओळ काढते. त्याशिवायही केस उभी राहते."

"आणि मी ग्रुपवर कबूल केलं तर? की फोटो खोटा होता म्हणून?"

"ते मात्र करू नका, सर."

"का?"

"कारण मग बदनामी केल्याची कबुली तुम्ही स्वतः लेखी देताय. उद्या ते म्हणतील, यांच्या मेसेजनं माझा धंदा बसला, मला भरपाई द्या. तुमचे साडेचार लाख एका बाजूला आणि त्यांचा अख्खा धंदा दुसऱ्या बाजूला. तुमच्या जागी मी असते तर आधी वसुली केली असती आणि माफीबिफी नंतर." मग म्हणाल्या, "किंवा दुसरं करा. बोलणं होत असेल तर एवढी रक्कम देणं आहे, अशा एका ओळीखाली त्यांची सही घ्या. मुदत सहीच्या दिवसापासून नव्यानं सुरू होईल. मग दावा करायचा की नाही यावर निवांत विचार करता येईल."

त्या बाई चुकीचं सांगत नव्हत्या. आजही कोणाचे पैसे अडकले तर मी त्यांच्याकडेच पाठवतो. पण त्यांच्या बोलण्यातून मला एवढं स्पष्ट झालं की कोर्ट आणि माफी या दोन्ही गोष्टी मला एकदम मिळणार नव्हत्या. एक निवडावी लागणार होती.

खंडेनवमी चार दिवसांवर होती. मी देणं मान्य असल्याची, वकीलबाईंनी सुचवलेली ती एक ओळ छापून घेतली, घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली, आणि नवमीला माझ्या भट्टीची पूजा उरकून कुरुळी फाट्याकडे निघालो. बायको म्हणाली, "मी येऊ का?" मी नको म्हणालो. नाशिक रस्त्यावर नेहमीसारखी गाड्यांची रांग लागली होती. प्रत्येक टेम्पोच्या नाकावर झेंडूचा हार, ट्रकच्या चाकाखाली लिंबं, आणि मी त्यांच्यामधून स्कूटर काढत काय बोलायचं ते जुळवत होतो. जुळत नव्हतं. खिशातल्या कागदाचा कोपरा टोचत होता.

त्याची जुनी शेड आता दुसऱ्या कोणाकडे होती. तो तिच्याच मागे, पत्र्याचं पार्टिशन घातलेल्या अर्ध्या गाळ्यात एका प्रेसवर काम करत होता. दुसऱ्यांचा पत्रा यायचा, हा फक्त दाबून द्यायचा. प्रेसला हार घातलेला होता, डाय, म्हणजे पत्रा दाबायचे साचे, पुसून खाली मांडलेल्या होत्या, त्यांवर हळदीकुंकू. त्याची बायको रांगोळी पुरी करत होती. तो पाठमोरा होता. मला बघून आधी तीच उठली.

"या भाऊजी," ती म्हणाली. आवाजात काहीच नव्हतं, ना राग ना ओलावा.

तो वळला. केस पुढून गेले होते. माझ्याकडे पाहून त्यानं फडक्याला हात पुसले.

"आलास का? फोटू काढायला आलास का परत?"

मी चपला दाराशी काढल्या.

"काढायचा तर काढ. पण आज नवमी हाय, लेका. आज शटर वरच राहणार. गुरुवारी ये."

"अहो," त्याची बायको म्हणाली.

"तू गप बस. बारा गावचं पाणी प्यालेला माणूस हाय ह्यो, त्याला नाही राग येत." मग मला म्हणाला, "बस की. उभा राहून काय करायलास?"

मी स्टुलावर बसलो. तिनं बशीत चिवडा आणि पेढा आणून दिला. बशी मी बाजूला ठेवली. आणि मी अगदी चुकीच्या जागी सुरुवात केली. खिशातला कागद काढला. म्हणालो, "हे आधी सांगतो. वकिलाकडे गेलो होतो. हा कागद त्यांचा आहे. साडेचार लाखांची बाकी मान्य आहे म्हणून तुझी सही घ्यायला सांगितली आहे."

त्यानं कागद घेतला. चष्मा लावला, वाचला. "एवढंच?"

"एवढंच."

"मी कुठं नाही म्हणलो होतो कधी? थांब म्हणलो होतो." त्यानं प्रेसच्या कडेवर कागद ठेवून सही केली, ड्रॉवरमधून जुन्या शेडचा रबरी शिक्का काढला, त्यावर तोंडाची वाफ सोडली आणि दाबला. शाई वाळलेली होती. अर्धाच शिक्का उठला. "घे. झालं तुझं काम. आता नारळ फोडायचा का जायचंय?"

"तुझं काय?" मी विचारलं.

"माझं काय असणार?"

त्याच्या बायकोनं रांगोळीचा डबा खाली ठेवला. "भाऊजी, ह्यांना एक काम आलंय," ती म्हणाली. "चाकणच्या एका कंपनीचं. ब्रॅकेटच हायत. महिनाभराचा माल द्यायचाय, पसंत पडला तर कायमचं. पण पत्रा रोखीनं आणायला पैसा कुठला? जुन्या पत्रेवाल्याकडं गेले होते परवा."

"सांगू नको," तो म्हणाला.

"का नको? त्यानं फोन काढला भाऊजी, आन् तुमचा फोटू दाखवला ह्यांना. अजून ठेवलाय त्यानं. म्हणला, आधी तुमचा दोस्त काय म्हणतोय ते बघू, मग पत्रा."

गाळ्यात आम्ही तिघंच होतो. बाहेर शेजारच्या शेडमध्ये कोणीतरी कोहळा फोडला आणि माणसं ओरडली. मी त्या अर्ध्या उठलेल्या शिक्क्याकडे बघत होतो. माझे पैसे आता कुठे जात नव्हते. तीन वर्षं हातात होती, सही हातात होती, केस पक्की होती. कोणालाही विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं की आज तू शहाणपणाचं काम केलंस, घरी जा. आणि हेही लिहितो : त्याला काम मिळालं तर माझेही पैसे येतील, हा हिशेब माझ्या डोक्यात आला नव्हता असं नाही. आला. मी व्यापारी माणूस आहे. पण मी जे केलं ते त्या हिशेबासाठी केलेलं नाही, हेही मला तितकंच पक्कं माहीत आहे, कारण वकीलबाईंच्या हिशेबानं ते सरळ तोट्याचं होतं.

"ग्रुपवर लिहितो," मी म्हणालो.

"काय लिहितो?"

"जे झालं ते."

तो हसला. "राहू दे राव. तुला वकील ओरडेल." त्याला ते कसं कळलं कोण जाणे. पण या पट्ट्यात वीस वर्षं काढलेल्या माणसाला एवढं कळतं. "पैशाचं आपण बघू. ते लिहिलेलं लोक इसरले."

"तुझा पत्रेवाला विसरलेला नाही."

त्यानं नारळ उचलून माझ्या हातात दिला. मी तो प्रेससमोरच्या फरशीवर फोडला. पहिल्या फटक्यात फुटला नाही, दुसऱ्यात फुटला, आणि पाणी त्याच्या चपलांवर उडालं. "हात गेले तुझे," तो म्हणाला. "रंगवून रंगवून मऊ पडले."

मी तिथंच, स्टुलावर बसून, फोन काढला. घरी जाऊन शांतपणे लिहितो असं मनात आलं होतं. पण मी स्वतःला ओळखतो. घरी गेलो असतो तर वाक्यं गुळगुळीत झाली असती. 'काही गैरसमज झाले होते' असं काहीतरी लिहिलं असतं. पुन्हा शुद्धलेखन तपासत बसलो असतो आणि त्या नादात खरी ओळ गाळली असती. शिवाय एक गोष्ट मला तिथंच करायची होती, आणि ती केली. लिहायच्या आधी फोन खाली ठेवून मी त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणालो, "मला माफ कर. त्या शनिवारी तुझं शटर बंद नव्हतं. मला ते माहीत होतं." तो डाय पुसत होता. पुसतच राहिला. त्याच्या बायकोनं डोळ्याला पदर लावला आणि लगेच काढला. तो म्हणाला, "बरं. आता लिही, नाहीतर फोन ठेव. मघापासून तुझा पेढा मुंग्या खायल्यात."

तो सहीचा कागद मी फाडला नाही. फाडला असता तर लिहायला छान झालं असतं. तो आमच्या फायलीत आहे, बायकोनं त्यावर तारीख टाकून ठेवला आहे, आणि तो तिथं असण्यात मला काही वावगं वाटत नाही. देणं हे देणं आहे, तोही तेच म्हणतो. दाव्याचा मसुदा मात्र मी वकीलबाईंना परत पाठवला आणि त्यांची फी दिली. त्यांनी फोनवर फक्त एवढं म्हटलं, "लिहून मोकळे झालात ना, सर? वाटलंच होतं." बदनामीचा दावा त्यानं लावला तर काय, हे मला विचारणारे अजून भेटतात. लावला तर मी कोर्टात उभा राहीन आणि गुरुवार म्हणजे गुरुवार सांगेन. त्यात मला आता कसली भीती उरलेली नाही.

त्या दुपारी, त्याच्या प्रेसच्या शेजारी बसून, ज्या ग्रुपवर ते टाकलं होतं त्याच ग्रुपवर मी जे लिहिलं ते असं होतं :

"तीन वर्षांपूर्वी मी इथं कुरुळी फाट्याजवळच्या प्रेसवाल्या मित्राच्या शटरचा एक फोटो टाकला होता आणि तो पैसे बुडवून पळाला असं लिहिलं होतं. तो फोटो गुरुवारचा होता. मी तो शनिवारी टाकला. शेजारची दोन शटरंही बंद होती, ती मी कापली. तो पळाला नव्हता. त्यानं कधी नाही म्हटलं नव्हतं, थांब म्हटलं होतं. तुमच्यातल्या ज्यांनी माझ्या सांगण्यावरून त्याची उधारी बंद केली, त्यांची चूक नाही, माझी आहे. तो आजही त्याच गल्लीत काम करतो आणि मी आत्ता त्याच्याच शेडमध्ये बसून हे लिहितोय. त्याचा माल मी पुन्हा रंगवून देणार आहे. तो फोटो ज्यांच्याकडे असेल त्यांनी कृपया पुसावा. भावा, मी तुझं नुकसान केलं, जाणूनबुजून केलं. मला माफ कर."